टीममधून काढलंत, घरातून नाही ना?

प्रिय मावशी,

मी 43 वर्षांचा, सातारा जिल्ह्यात राहतो. लग्न केलेलं नाही. आठ वर्षांपूर्वी घाटातल्या अपघातात थोरला भाऊ आणि वहिनी गेले. पुतण्या तेव्हा नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून घरात आई, मी आणि तो. अपघातानंतर मी कड्यावरून, दरीतून अडकलेल्या माणसांना वर काढणाऱ्या स्वयंसेवकांच्या टीममध्ये जायला लागलो. पोरालाही लहानपणापासून दोर शिकवला. हुशार आहे, पण गाठ मारताना घाई करतो. मी त्याची प्रत्येक गाठ सोडून पुन्हा बांधतो.

गेल्या पावसाळ्यात एक पर्यटक घसरून खाली अडकला. मी पोराला वरच थांबायला सांगितलं होतं. मी दुसऱ्या बाजूला वाट बघायला गेलो, तेवढ्यात हा दोर लावून एकटा उतरला. माणूस वाचला. पण मी सगळ्यांसमोर म्हणालो, "उद्यापासून टीममध्ये यायचं नाही. माझ्यासमोरही येऊ नकोस." तेव्हापासून आमचं बोलणं आईमार्फत चालतं. त्याच्या खोलीत नाईटविंगचं पोस्टर आहे. त्यावर बोट ठेवून आजीला म्हणाला, "बॅटमॅननं याच्याशी असंच केलं होतं." मला टीव्हीवरचा बॅटमॅन आठवतो, तो तर रॉबिनला किती जपतो! मावशी, जीव वाचवायला रागावलो, त्यात माझं काय चुकलं? त्याला कायदेशीर दत्तक घेतलं तर त्याचा राग जाईल का?

– एक काका

---

काका, नमस्कार.

आधी तुमच्या बाजूनं बोलते. सतरा वर्षांचा मुलगा सांगितलेलं न ऐकता पावसात एकटा कड्यावरून उतरला, तर त्याला टीमबाहेर बसवायलाच हवं. माणूस वाचला म्हणून तो नियम बदलत नाही, आणि तुमच्या टीममधल्या कुणालाही हे पटवून द्यावं लागणार नाही. घोटाळा झालाय तो तुमच्या दुसऱ्या वाक्यात. पहिलं वाक्य टीमच्या म्होरक्यानं म्हटलं होतं. "माझ्यासमोर येऊ नकोस" हे कुणी म्हटलं? म्होरक्याला तो अधिकार नाही, कारण पोराच्या समोर असणं हे त्याचं काम नव्हेच. आणि बापानं म्हटलं असेल, तर पोरानं जायचं कुठे? त्याला दुसरं घर नाही, हे त्या कड्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

तुमच्या पुतण्यानं बॅटमॅनचं नाव काढलंय ते उगाच नाही. मुलाच्या शाळेच्या दिवसांत घरात कॉमिक्स येत, आणि ती त्याच्यापेक्षा मीच जास्त वाचत असे. त्यामुळे तुम्हाला टीव्हीवरचा बॅटमॅन आठवतो आणि त्याला कॉमिक्समधला, एवढं माझ्या लगेच लक्षात आलं. ती दोन वेगळी माणसं आहेत म्हणा ना.

बॅटमॅन 1939 साली आला, एकटाच. वर्षभरात लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलं की याला बोलायलाच कुणी नाही, सगळं मनातल्या मनात चालतं. म्हणून 1940 मध्ये डिटेक्टिव्ह कॉमिक्सच्या 38व्या अंकात त्याच्या हवाली एक पोर केलं. डिक ग्रेसन, सर्कशीतल्या झुल्यावरच्या कसरतपटूंचा मुलगा. पहिला रॉबिन तो हाच. खंडणीखोरांनी झुल्याच्या दोरांवर ॲसिड टाकलेलं असतं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत आईवडील खाली पडतात. बॅटमॅननं, म्हणजे खऱ्या नावानं ब्रूस वेननं, स्वतःच्या आईवडिलांना गोळ्या घातलेल्या लहानपणी पाहिलेलं असतं, म्हणून तो या मुलाला घरी आणतो. इथवर तो टीव्हीवरच्याइतकाच चांगला आहे. पण पुढचं चित्र बघा. मेणबत्तीच्या उजेडात तो मुलाला उजवा हात वर करायला लावतो आणि गुन्हेगारांविरुद्ध लढण्याची शपथ देतो. आईबाप जाऊन फार दिवस झालेले नाहीत आणि पोराच्या पदरात पहिली गोष्ट पडते ती काम. रडायची सोय त्या चित्रात कुठेच नाही.

तुमच्याकडे वेगळं काय झालं? भाऊ-वहिनी गेल्यावर तुम्हाला घरात बसवेना, म्हणून तुम्ही दोर हातात घेतला. चांगलं केलंत, त्यामुळे किती घरांतली माणसं परत आली असतील. मग तोच दोर पोराच्या हातात दिलात. तेही प्रेमानंच. फक्त घाटातल्या त्या दिवसाबद्दल तुम्ही दोघं कधी बोललात का? तुमच्या पत्रात दोर आहे, गाठ आहे, टीम आहे. भावाचं नाव नाही, आणि पोराचंही नाही.

आता नाईटविंग. पोस्टर तुम्ही रोज बघता, पण तो कोण हे विचारलं नाहीत असं दिसतंय. तो डिकच, मोठा झालेला. 1984 साली त्यानं रॉबिनचे कपडे ठेवून दिले आणि नवं नाव घेतलं. यातली गंमत अशी की हे कसं घडलं याच्या दोन हकिकती छापल्या गेल्यात. आधीच्या हकिकतीत डिक आता पुरता मोठा झालेला असतो, स्वतःच्या मित्रांची टोळी सांभाळत असतो. रॉबिन हे नाव तो आपल्या मनानं सोडतो आणि पुढच्या पोराला राजीखुशीनं देतो. 1987 मध्ये तीच गोष्ट नव्यानं सांगितली तेव्हा मात्र जोकरची, म्हणजे बॅटमॅनच्या कट्टर वैऱ्याची, गोळी डिकला लागते, ब्रूस हादरतो आणि म्हणतो, बस झालं, यापुढे रॉबिन नाही. म्हणजे एका गोष्टीत पोरगा निघाला आणि दुसरीत बापानं काढला. त्या दुसऱ्या गोष्टीतही ब्रूस दुष्ट नाही बरं का, भ्यायलेला आहे. पण डिकला भीती दिसत नाही, दिसतो तो दरवाजा. तुमच्या घरीही त्या दिवसाच्या अशा दोन हकिकती चालू असणार. तुमच्या हकिकतीत तुम्ही त्याचा जीव वाचवलात. त्याच्या हकिकतीत त्यानं एका माणसाचा जीव वाचवला आणि त्याच दिवशी काका गमावला. त्याची हकिकत त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय पुढे काही व्हायचं नाही.

ऐकताना एक सांभाळा. तक्रार कशाची आहे ते आधीच ठरवून बसू नका. दुसरा रॉबिन जेसन टॉड, रस्त्यावरचं पोर. बॅटमॅनच्या गाडीची चाकं चोरताना पकडलं गेलेलं. 1988 मध्ये प्रकाशकांनी वाचकांना फोनवरून मत द्यायला सांगितलं, हा जगावा की मरावा. 5,343 मतं मरावा म्हणून आली, 5,271 जगावा म्हणून. एका पोराचा जीव 72 फोनांवर गेला. मला आजही तो प्रकार किळसवाणा वाटतो, पण ते राहू दे. बॅटमॅननं त्याचा पोशाख काचेच्या कपाटात ठेवला आणि खाली पाटी लावली ती 'चांगला सैनिक' अशी. मुलगा नाही, सैनिक! पुढे 2005 मध्ये जेसन जिवंत परत येतो. ब्रूसला वर्षानुवर्षं वाटत असतं की मी वेळेवर पोचलो नाही, याचा पोराला राग असेल. जेसनला त्याचं काहीच नसतं. त्याचा प्रश्न वेगळाच असतो, की मला मारणारा जोकर अजून जिवंत कसा? इतकी वर्षं बाप एका गोष्टीसाठी झुरतोय आणि पोराच्या मनात दुसरीच सल. तुम्हाला वाटतंय पोरगा टीमसाठी रुसलाय. माझा अंदाज आहे की टीमचं त्याला कधीच पटलेलं असेल, तो हुशार आहे असं तुम्हीच लिहिलंय.

गाठीचंही बोलायला हवं. दोर बांधला की दुसऱ्यानं तो तपासायचा, हा नियम झाला आणि तो सगळ्यांनाच लागू. पण पोराची गाठ सोडून आपण पुन्हा बांधायची, दरवेळी, टीमसमोर, ही तपासणी नव्हे. तुम्ही डोळ्यांनी बघा, बोटानं दाबून बघा, गाठीपुढे दोराचं शेपूट किती सोडलंय ते बघा. चुकली असेल तर सोडायला त्यालाच सांगा आणि त्यालाच बांधू द्या, दहा वेळा बांधावी लागली तरी. आणि तुमची गाठ त्याला तपासू द्या. सात-आठ वर्षांत त्यानं तुमच्या कमरेचा दोर एकदा तरी हातात घेऊन पाहिलाय का? जो मुलगा आपली एकही गाठ शेवटपर्यंत टिकलेली बघत नाही, तो एके दिवशी कुणी नसताना उतरून बघणारच. त्याच्या उतरण्याचं हे समर्थन नाही. पण ते आकाशातून पडलेलंही नाही.

बॅटमॅन यातून काही शिकला का, असं विचाराल. शिकला, पण रडतखडत आणि पोरांच्या जिवावर. जेसन गेल्यावर टिम ड्रेक नावाचा मुलगा आपण होऊन दारात येतो. ब्रूस बेफाम झालाय, त्याला आवरायला कुणीतरी जवळ हवं, हे त्याच्या आधी त्या पोराला कळलेलं असतं. या खेपेला ब्रूस घाई करत नाही. आधी लांबलचक शिक्षण, पोशाख फार नंतर. आणि 2001 मध्ये तो एक गोष्ट करतो जी खरं तर 1940 मध्येच करायला हवी होती. डिकला तो कायद्यानं मुलगा करून घेतो. डिक तेव्हा पुरता वाढलेला, वेगळ्या शहरात राहणारा, कुणाचा आश्रित नसलेला. त्याला ना छप्पर हवं होतं ना फी. म्हणूनच त्या कागदाला किंमत आली असं मला वाटतं. शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि तरीही हा माणूस म्हणत होता, तू माझा.

पुढे 2009 मध्ये सगळ्यांना ब्रूस मेला असं वाटत असताना डिकच बॅटमॅनचा पोशाख चढवतो आणि ब्रूसच्या सख्ख्या पोराला, डेमियनला, रॉबिन म्हणून सोबत घेतो. डेमियन म्हणजे महाउर्मट कार्टं. पण डिक त्याच्याशी हसतो, थट्टा करतो, चुकला तर सांगतो आणि तरी घराबाहेर काढत नाही. ब्रूसनं त्याला जे दिलं नव्हतं तेच त्यानं धाकट्याला दिलं. म्हणून तुमच्या पुतण्याच्या भिंतीवर नाईटविंग आहे, बॅटमॅन नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका.

दत्तकाचं सांगते. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यानुसार पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला, समाजात तशी रूढी नसेल तर, दत्तक घेता येत नाही. बाल न्याय कायद्यात नातेवाइकांसाठी वाट आहे, पण तुमचा मुलगा अठराला टेकलाय, तेव्हा चौकशी करायचीच तर वकिलाकडे याच आठवड्यात जा. मात्र भांडण मिटवायचं औषध म्हणून तो कागद त्याच्यापुढे ठेवू नका. आधी बोला, मग त्याला विचारा. तो नको म्हणाला तरी राग मानू नका, त्याला त्याचे आईवडील आहेत, गेलेले असले तरी. मृत्युपत्र करणं, बँकेत नॉमिनी म्हणून त्याचं नाव लावणं हे तुम्ही एकट्यानंही करू शकता. केलं नसेल तर करून टाका, गाजावाजा न करता.

आणि आई. बॅटमॅनच्या घरात आल्फ्रेड नावाचा म्हातारा कारभारी आहे, ब्रूसला त्यानंच वाढवलं. बापलेकांचं बिनसलं की निरोप, जेवण, मलमपट्टी सगळं त्याच्याकडे. तुमच्या घरी हे काम आई करतायत. त्यांनी एक मुलगा आणि सून गमावलीय, हे तुम्हा दोघांच्या अबोल्यात कुणाच्या लक्षात राहिलंय? "त्याला सांग जेवायला बस" हे वाक्य उद्यापासून त्यांच्यामार्फत बोलायचं नाही. स्वतः त्याच्या दाराशी जायचं.

तिथे जाऊन काय बोलायचं, तर फार नाही. "टीममधून काढलं ते बरोबर होतं, ते मी मागे घेत नाही. माझ्यासमोर येऊ नकोस म्हणालो, ते चूक होतं. मी घाबरलो होतो, तुझ्या बाबाच्या वेळी घाबरलो होतो तसाच." यात "पण" घालू नका. त्यानं तोंड फिरवलं तर फिरवू दे, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. आणि त्या पर्यटकाला त्यानं वर कसं घेतलं ते विचारा. अँकर कशाला लावला, दोर कुठे घासत होता, माणूस घाबरून काय काय बरळत होता. तुम्ही सोडून टीममधल्या प्रत्येकानं ते विचारलं असेल.

अठरा पूर्ण होईपर्यंत कड्यावर नाही, यावर ठाम राहा. त्यानंतर त्याला यावंसं वाटलं तर नव्या मुलांसारखा त्यानंही अर्ज करावा, चाचणी द्यावी. ती चाचणी दुसऱ्या कुणीतरी घ्यावी, आणि तुम्ही त्या दिवशी घरी थांबावं.

– मावशी