'डार्क वॉटर्स' चित्रपट पाहावा का? काही जण डोक्यावर घेतात, काहींना रटाळ वाटतो. तुमचं मत काय?

पाहावाच. फक्त दोन तास निवांत मिळतील तेव्हा पाहा, जेवता जेवता नको.

मी दिवाणी न्यायालयात वकिली करते. कोर्टावरचे चित्रपट पाहताना माझं अर्धं लक्ष चुका शोधण्यात जातं. साक्षीदार पिंजऱ्यात रडून गुन्हा कबूल करतो, वकील टेबलावर हात आपटतो, आणि न्यायाधीश तिथल्या तिथे निकाल देतात. यातलं काही म्हणजे काही आमच्याकडे घडत नाही. 'डार्क वॉटर्स'मध्ये कोर्टातले प्रसंग मोजकेच आहेत. बाकी सगळा चित्रपट कागद वाचण्यात, वाट पाहण्यात आणि परत वाट पाहण्यात जातो. म्हणून तो काहींना कंटाळवाणा वाटतो, आणि त्याच कारणासाठी मला तो या प्रकारच्या चित्रपटांत सगळ्यात खरा वाटतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९८ साली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या पार्कर्सबर्ग गावचा विल्बर टेनंट नावाचा शेतकरी सिनसिनाटीतल्या रॉब बिलॉट या वकिलाला गाठतो. त्याच्या गाई एकामागून एक मरतायत. शेजारच्या जमिनीत ड्युपाँट कंपनी कचरा पुरते आणि तिथून वाहत येणाऱ्या ओढ्याचं पाणी गाई पितात. बिलॉटची फर्म केमिकल कंपन्यांच्याच बाजूने लढणारी. तो स्वतःही तेच करत आलेला, नुकताच भागीदार झालेला. पण आजी त्या भागातली, त्या ओळखीपोटी तो जाऊन बघतो आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं त्यातच अडकतो. हे सगळं खरं घडलेलं आहे. टॉड हेन्स यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०१९ साली आला. बिलॉटच्या भूमिकेत मार्क रफेलो आहे.

आता तक्रारींकडे येते.

'संथ आहे' ही पहिली तक्रार. आहेच संथ. पण तारखा बघा. टेनंटचा दावा १९९९ मध्ये दाखल झाला, २००१ मध्ये तडजोडीने मिटला. मग पिण्याच्या पाण्यात कंपनीचं रसायन आलं म्हणून गावकऱ्यांचा सामूहिक दावा, त्यात २००४ मध्ये तडजोड. त्या तडजोडीतून नेमलेल्या शास्त्रज्ञांचे निष्कर्ष पूर्ण यायला २०१२ उजाडलं. एका बाईचा वैयक्तिक दावा ज्युरीपुढे पहिल्यांदा चालला तो २०१५ मध्ये. उरलेल्या साडेतीन हजार लोकांचा हिशेब २०१७ मध्ये झाला. टेनंट २००९ मध्येच वारला होता. दिग्दर्शकाने पडद्यावर नुसतं साल बदलत नेलंय, आणि दर वेळी बिलॉट थोडा जास्त थकलेला, थोडा जास्त वाकलेला दिसतो. मोठ्या कंपनीचं खरं हत्यार वेळ हेच असतं. पक्षकार म्हातारा होतो, वकिलाचे पैसे संपतात, गावातली माणसं 'त्या केसचं काय झालं हो?' विचारायचंही सोडून देतात. हे प्रेक्षकाला जाणवून द्यायचं तर त्याला थोडं ताटकळत ठेवावंच लागतं. दर दहा मिनिटांनी धक्का दिला असता तर चित्रपट चटपटीत झाला असता आणि खोटा झाला असता.

दुसरा प्रश्न मला ओळखीच्या बऱ्याच जणांनी विचारला: कंपनी स्वतःच्याच विरुद्ध जाणारे कागद समोरच्या वकिलाला देते कशी? अमेरिकेत दावा लागला की प्रकरणाशी संबंधित कागद एकमेकांना दाखवावेच लागतात, नाही दिले तर न्यायालयाकडून आदेश आणता येतो. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही ऑर्डर ११ खाली कागद मागण्याची सोय आहे, पण आमच्याकडे तिचा वापर इतक्या नेटाने होताना क्वचितच दिसतो. ड्युपाँटने कागद दिले ते खोकीच्या खोकी भरून, इतके की वाचणारा बुडावा. खऱ्या प्रकरणात ती एक लाख दहा हजारांहून जास्त पानं होती, काही पन्नास वर्षं जुनी.

त्यानंतरचा प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. बिलॉट ऑफिसात जमिनीवर बसतो आणि खोकी उघडून एकेक कागद तारखेप्रमाणे लावायला घेतो. फोन वाजतोय, तो उचलत नाही. भोवती ढीग वाढत जातात, माणूस मध्ये लहान होत जातो. प्रत्यक्षातही बिलॉटने कित्येक महिने हेच केलं होतं. वकिलीत नवीन आलेल्या मुलामुलींना मी सांगते की हा प्रसंग बघा, हेच आपलं काम. फाईल तारखेप्रमाणे लावली की कोणाला काय कधी कळलं ते आपोआप दिसायला लागतं. इथे तेच झालं. पीएफओए हे रसायन, कंपनीच्या भाषेत 'सी-८', ड्युपाँट १९५१ पासून थ्रीएम कंपनीकडून विकत घेत होती आणि टेफ्लॉन, म्हणजे नॉनस्टिक भांड्यांवरचा थर, बनवताना वापरत होती. त्याने प्राण्यांच्या यकृतावर परिणाम होतो हे तिच्या संशोधकांना १९६१ पर्यंत दिसलं होतं. १९८१ मध्ये तिने स्वतःच्या कामगार बायकांची बाळं तपासली, तर सातपैकी दोघांच्या डोळ्यांत दोष निघाला. १९९१ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी स्वतःच एक मर्यादा ठरवली आणि त्याच वर्षी जवळच्या एका पाणीपुरवठ्यात तिच्या तिप्पट प्रमाण सापडलं. लोकांना सांगितलं नाही. हे सगळं त्यांच्याच कागदांवर, त्यांच्याच तारखांनिशी. कोणाची साक्ष फिरवायची गरजच नव्हती.

'मग सरकार झोपलं होतं का?' असंही लोक चिडून विचारतात. तिथला विषारी रसायनांचा कायदा १९७६ चा. त्याआधीपासून बाजारात असलेली रसायनं न तपासता तशीच चालू राहिली, आणि धोका आहे हे सरकारला कळवायची जबाबदारी मुख्यतः कंपन्यांवरच ठेवलेली. ज्याच्याकडे माहिती तोच गप्प बसला तर बाहेरच्याला कळणार कुठून? बिलॉटने २००१ मध्ये शेकडो पानांचं पत्र पुराव्यांसह पर्यावरण खात्याला पाठवलं, तेव्हा कुठे चक्रं हलली.

पेट्रोल पंपावर बिलॉटला भेटतो तो चेहऱ्यावर व्यंग असलेला माणूस मेकअप केलेला नट आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. तो खराच बकी बेली आहे. त्याची आई गरोदर असताना ड्युपाँटच्या कारखान्यात टेफ्लॉनच्या कामावर होती. वर सांगितलेल्या बाळांच्या तपासणीतलं एक बाळ तोच. हे माहीत असताना तो अर्ध्या मिनिटाचा प्रसंग बघणं फार जड जातं.

गावकऱ्यांबद्दलही एक मत ऐकू येतं की 'ज्यांच्यासाठी लढतोय तेच त्याच्यावर उखडतात, हे पटत नाही.' मला तर ते पुरेपूर पटलं. पार्कर्सबर्गमध्ये पोटापाण्याची सगळी भिस्त ड्युपाँटवर होती. घराचे हप्ते, मुलांची शिक्षणं सगळं तिच्या पगारावर. अशा गावात टेनंट कुटुंबाशी लोकांनी बोलणं टाकलं, त्यांना चर्चही बदलावं लागलं. एमआयडीसीच्या आसपास राहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. नदीचं पाणी तांबडं झालं म्हणून ओरडणाऱ्याला आधी त्याचा चुलतभाऊच गप्प करतो, कारण तो तिथे कामाला असतो.

चित्रपटात खरोखर कमी काय पडलं तेही सांगते. अ‍ॅन हॅथवेने केलेली बिलॉटची बायको. ती स्वतः वकील होती, घरासाठी तिने काम सोडलं, हे एका वाक्यात उरकलंय. नंतर बराच वेळ तिच्या वाट्याला काळजी करणं आणि भांडणं एवढंच येतं. हॉस्पिटलमधल्या प्रसंगात ती बिलॉटच्या वरिष्ठाला खडसावते तेव्हा या बाईत किती ताकद होती ते कळतं, पण तोवर उशीर झालेला असतो. ड्युपाँटचा माणूस म्हणूनही मुख्यतः एकच चेहरा समोर राहतो. त्या कंपनीच्या आत 'लोकांना सांगूया' म्हणणारेही होते, तो वाद दाखवला असता तर चित्र अधिक भेदक झालं असतं.

आणि तव्याचं प्रकरण. चित्रपट बघून झाला की आपल्याकडे सगळी चर्चा 'नॉनस्टिक तवा फेकून द्यावा का' इथे येऊन थांबते. तवा खरवडला असेल तर बदला, बिडाचा आणा, घावन छान निघतात. पण पार्कर्सबर्गची माणसं तव्यामुळे आजारी पडली नाहीत. रसायन कारखान्यातून नदीत, जमिनीत, हवेत सोडलं गेलं आणि नळाच्या पाण्यातून त्यांच्या रक्तात गेलं. पीएफओए वापरून टेफ्लॉन बनवणं अमेरिकेत २०१५ पर्यंत बंद झालं. जे पाण्यात गेलं ते मात्र निसर्गात विघटनच होत नाही.

माझ्या दृष्टीने चित्रपटाचा कणा म्हणजे रक्त तपासणीचा भाग. २००४ च्या तडजोडीचे पैसे नुसते वाटून टाकण्याऐवजी माणशी ४०० डॉलर देऊन लोकांचं रक्त घ्यायचं ठरलं. सुमारे ६९ हजार लोक आले. त्यावर तटस्थ शास्त्रज्ञांनी सात वर्षं काम करून मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार यांसह सहा आजारांशी या रसायनाचा संबंध असण्याची दाट शक्यता सांगितली. कंपनीने तरीही एकेक दावा वेगळा लढवला. पहिल्या तीन निकालांत १६ लाख, ५६ लाख आणि १ कोटी २५ लाख डॉलर भरपाई लागली, तेव्हा तिने सगळे दावे मिळून सुमारे ६७ कोटी डॉलरवर मिटवले.

'पण तुरुंगात कोणीच गेलं नाही' ही शेवटची आणि सगळ्यात रास्त तक्रार. नाही गेलं. हे दिवाणी दावे होते, त्यातून पैसे मिळतात. इटलीत वेगळं घडलं. व्हिचेन्झाजवळ त्रिस्सिनोला मितेनी नावाचा कारखाना याच जातीची रसायनं बनवायचा, त्याने तिथलं भूजल नासलं. कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने ११ अधिकाऱ्यांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली, काहींना सतरा वर्षांपर्यंत.

त्या मितेनीची यंत्रसामग्री लिलावात एका भारतीय कंपनीने घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यातल्या लोटे-परशुराम एमआयडीसीत आणली. यंत्रं आली म्हणजे पाणी नासलंच असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण लोट्याच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांच्या तक्रारी फार जुन्या आहेत. म्हणून हा चित्रपट कोकणातल्या लोकांनी तरी बघावा, आणि बघून झाल्यावर आपल्या ग्रामपंचायतीकडे एक मागणी लेखी द्यावी: आसपासच्या विहिरी, बोअरवेल आणि खाडी यांचं पाणी या रसायनांसाठी आत्ताच तपासा आणि आकडे तारखेसह नोंदवून ठेवा. उद्या दावा लावायची वेळ आलीच, तर प्रतिवादीचा वकील उलटतपासात पहिला प्रश्न 'आधी किती होतं?' हाच विचारेल. मी त्या बाजूला असते तर मीही तोच विचारला असता.