फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांसोबत पेशंट तपासणारा प्रशिक्षित सहायक) या अभ्यासक्रमाच्या क्लिनिकल वर्षात, म्हणजे पेशंटसोबतच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाच्या वर्षात आहे. पेशंटबद्दल काही वाटेनासं झालंय, सुट्टीत मात्र बरं वाटतं. हे नैराश्य आहे का?

सुट्टीत बरं वाटतं म्हणजे हा बहुधा बर्नआउट आहे, नैराश्य नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार न मानता कामाशी जोडलेली अवस्था मानलंय: थकवा, कामाबद्दल तुटलेपण, आपल्याकडून काही धड होत नाही ही भावना. अमेरिकेतल्या या अभ्यासक्रमात काही आठवड्यांनी विभाग बदलतो, वरिष्ठ बदलतात आणि स्वतःला पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावं लागतं. पेशंटचं नाव जाऊन नुसता 'बेड सात' लक्षात राहतो, तो यातूनच. तुम्ही निर्दयी झालेला नाहीत! रोटेशनच्या (या विभागबदलाच्या) समन्वयकांशी आत्ताच बोला. मात्र दोन आठवडे सलग उदास वाटलं, कशातच रस उरला नाही, झोप-भूक बिघडली, तर डॉक्टरांकडून नैराश्याची तपासणी करून घ्याच. जगणं नकोसं वाटलं तर अमेरिकेत ९८८ वर चोवीस तास फोन किंवा मेसेज करता येतो.