उंची पाच फूट एक, गाडी १९५ किलोची आणि कर्ज दीड लाखाचं

प्रश्न : वय २८, नाशिकला अंबड एमआयडीसीत नोकरी. हातात ३६,००० पगार येतो, घरी १०,००० देते, बचत १,१०,०००. उंची पाच फूट एक इंच. पाच वर्षं स्कूटर चालवते आहे, गेले सहा महिने रविवारी भावाची स्प्लेंडर. आता रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घ्यायची आहे. शोरूमचं कोटेशन २,३०,०००. त्यातले ८०,००० भरायचे, १,५०,००० कर्ज, ९ टक्के, तीन वर्षं, हप्ता ५,२९२. बुकिंगचे ५,००० भरून झालेत. स्कूटर घरीच आईला राहील. बाबा म्हणतात जुनी गाडी घे. भाऊ म्हणतो घ्यायची तर नवीच, उंचीचं सीट कापून जमवता येतं. काय करू?

उत्तर : आत्ता घेऊ नका, आणि या कर्जावर तर नकोच. क्लासिक वाईट आहे म्हणून नाही, तुम्हाला ती कधीच जमणार नाही म्हणूनही नाही. १९५ किलोची गाडी हाताखाली आणायचं शिक्षण तुम्ही नव्या गाडीच्या भावात विकत घेताय, एवढाच माझा आक्षेप आहे.

उंचीपासून सुरू करते, कारण पैशाचा हिशेब तिथूनच बिघडतो. स्प्लेंडरची सीट ७८५ मिमी, क्लासिकची ८०५. फरक फक्त दोन सेंटीमीटर, म्हणून तुम्हाला वाटतंय की स्प्लेंडर जमली तर हीही जमेल. पण स्प्लेंडर ११२ किलोची आहे. ८३ किलोचा फरक म्हणजे सिमेंटची दीड पोती जास्त. सिग्नलला स्प्लेंडर थोडी कलली तर तुम्ही चवड्यावर उभं राहून ती सावरता. क्लासिक तेवढीच कलली की चवड्यावरचा पाय पुरत नाही. शिवाय स्प्लेंडरची सीट पुढे अरुंद आहे, पाय सरळ खाली जातात. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि पायाची लांबी तिथेच खर्च होते. ब्रोशरमधला सीटचा आकडा ही रुंदी सांगत नाही.

घरी एक माप घ्या. बूट काढून भिंतीला पाठ लावा, एक जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये वरपर्यंत दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. तुमच्या उंचीला हे साधारण ७० ते ७२ सेंमी भरतं. घोट्यापर्यंतच्या जाड तळव्याच्या बुटाने दोन-तीन सेंमी मिळतात, तुमच्या वजनाने सस्पेन्शन दबलं की आणखी थोडं. तरीही ८०५ मिमीवर तुमचे दोन्ही पाय पूर्ण टेकणार नाहीत. दोन्ही टेकलेच पाहिजेत असंही नाही. एक पाय पूर्ण आणि दुसरा ब्रेकवर, अशी सवय झाली की कमी उंचीची माणसं मोठ्या गाड्या व्यवस्थित चालवतात. ती सवय सहा महिन्यांच्या रविवारांत होत नाही, हे मात्र खरं.

भावाचा सीट कापायचा उपाय अर्धाच खरा आहे. फोम २०-२५ मिमी कमी करता येतो. त्याहून जास्त काढला की खालचा पत्रा टोचतो आणि त्र्यंबकला जाऊन येईपर्यंत पाठ बोलायला लागते. करायचंच तर मूळ सीट जपून ठेवा आणि दुसरी सीट कापा, कारण विकताना गिऱ्हाईक मूळच मागतं. मागचे शॉकअप आखूड टाकायला कुणी सांगेल, ते ऐकू नका. गाडी खाली येते, पण साइड स्टँड तेवढाच राहतो. मग गाडी स्टँडवर जवळजवळ सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला की पलीकडे पडते. वर वॉरंटीचा वाद होतो तो वेगळाच.

आता कोटेशन. ते असं आहे: एक्स-शोरूम १,८५,०००, रस्ता कर २२,२००, विमा १३,८००, नोंदणी आणि बोजा (आरसीवरची कर्जाची नोंद) १,०००, ॲक्सेसरीज ६,५००, ‘हँडलिंग’ १,५००. कर बरोबर लावलाय. महाराष्ट्रात २९९ सीसीच्या वरच्या दुचाकीला १२ टक्के, त्याखाली कमी. हँडलिंगचे १,५०० देऊ नका, ते सरकारी शुल्क नाही. ॲक्सेसरीजमधला लेगगार्ड ठेवा, बाकी काढायला सांगा. शिकाऊ हातात तोच एक भाग पैसे वसूल करतो, कारण गाडी उभ्या-उभ्या पडते तेव्हा टाकीच्या आधी लेगगार्ड टेकतो.

विम्याच्या रकमेत पाच वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, सक्तीचा आहे. १५० ते ३५० सीसीला त्याचा दर ७,३६५ आणि त्यावर जीएसटी, तिथे घासाघीस होत नाही. होते ती ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, म्हणून दुसरीकडचा दर मागवा. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा तुमच्याकडे वेगळा असेल तर तोही इथून वगळता येतो. झीरो डेप, म्हणजे भागांचा घसारा न कापणारी जोड, मात्र ठेवा. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबरी भागांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि गाडी पडली की आधी तेच फुटतं. पण दर वेळी क्लेम करायचा नसतो. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळतो आणि एका क्लेमने शून्यावर येतो. क्लचचा लिव्हर आणि आरसा खिशातून बदला, टाकीला पोक आला तर क्लेम करा.

कर्जाचा ९ टक्के हा आकडा ऐकायला गोड आहे, पण तो फ्लॅट आहे. दीड लाखावर ९ टक्क्यांनी तीन वर्षांचं व्याज ४०,५००, एकूण १,९०,५००, भागिले ३६ म्हणजे तुमचा ५,२९२ चा हप्ता. मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या दीड लाखावरच लावलंय. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर सव्वासोळा टक्क्यांच्या आसपास जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ कर्जाला रिझर्व्ह बँकेने की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाचा सगळा खर्च मांडणारा कागद, सक्तीचं केलंय. तो कागद मागा आणि त्यातला एपीआर, म्हणजे खर्चासकट पडणारा वार्षिक दर, वाचा. प्रोसेसिंग फी धरून तो आणखी वर दिसेल. दुचाकीचं कर्ज सहसा स्थिर दराचं असतं, म्हणून मुदतीआधी फेडायला किती आकार आहे तेही त्याच कागदावर बघून घ्या.

समजा तुम्ही ठरल्याप्रमाणे घेतलीच. १,१०,००० मधून ८०,००० गेले. चांगलं हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, गुडघ्याचे गार्ड आणि बूट यांना १४,००० धरा, हा खर्च कुठलीही गाडी घेतली तरी आहेच. हातात उरले १६,०००. तुम्ही घरी देता त्या रकमेचे दीड महिन्याचे पैसे. त्यावर तीन वर्षांचा हप्ता. कंपनीत एखादा महिना पगार लांबला तर काय, याचं उत्तर तुमच्या पत्रात नाही.

दुसरी वाट बाबांची. तीन ते चार वर्षं जुनी, १५०-१६० सीसीची गाडी रोखीने. माझी पसंती बजाजच्या ॲव्हेंजर स्ट्रीट १६० ला. सीट ७३७ मिमी, वजन १५६ किलो. स्प्लेंडर आणि क्लासिक यांच्या बरोबर मध्ये बसते आणि दोन्ही पाय टेकतात. दोष असा की पाय पुढे आणि हँडल रुंद, त्यामुळे पूर्ण वळवून यू-टर्न घेताना आखूड हाताला बाहेरची मूठ लांब पडते. चालवून बघा. नाहीच पटली तर यामाहाची एफझेड बघा. ती ७९० मिमी उंच पण जेमतेम १३५ किलोची आहे, चवड्यावरही आवरते.

किंमत ५२,०००, ट्रान्सफर आणि विम्याचे ४,०००, टायर, चेन-स्प्रॉकेट आणि सर्व्हिसिंगला ६,०००, असे ६२,००० धरते. बघायला सकाळी जा आणि इंजिन थंड असतानाच चालू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत फिरा. हँडल डावी-उजवीकडे सावकाश फिरवताना मध्ये खटका लागला तर कोन सेट (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) गेलाय. पुढच्या पाइपावर तेलाचा ओघळ म्हणजे ऑइल सील. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. गाडीपेक्षा टायर फार जुना किंवा फक्त पुढचाच नवा असेल तर का, ते विचारा. चेसिसच्या मानेजवळ वेल्डिंग दिसलं तर किंमत कितीही उतरू दे, सोडा. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून बोजा आणि विमा तपासा, थकलेली चलनं वेगळी बघा. बोजा असेल तर बँकेचं एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही झाली की आरसी तुमच्या नावावर व्हायची वाट बघत बसू नका, विमा कंपनीला १४ दिवसांत कळवा. ओन डॅमेजचा विमा आपोआप तुमच्या नावावर येत नाही.

या वाटेने हेल्मेट-जॅकेट धरून तुमच्याकडे ३४,००० उरतात. हप्त्याचे म्हणून काढलेले ५,३०० दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाका. साडेसहा टक्क्यांनी १८ महिन्यांत जवळपास १,००,०००. गाडी तेव्हा ४०,००० ला विकली जाईल. एकूण १,७४,०००.

त्याच १८ महिन्यांनी पहिल्या वाटेवर काय? उरलेले १६,०००, विमा कंपन्या धरतात त्या घसाऱ्याने २० टक्के वजा जाऊन गाडी १,४८,००० ची, आणि अजून ८४,००० कर्ज बाकी. निव्वळ ८०,०००. म्हणजे ९४,००० चा फरक. पण हे सगळे वाचले असं मी म्हणणार नाही. क्लासिक पुढे घेतलीच तर रस्ता कर आणि विमा तेव्हा भरावा लागेलच. जुन्या वाटेवर पेट्रोलचे मात्र महिन्याला पाच-सहाशे सुटतात. तुमचं रोजचं जाणं-येणं ३० किलोमीटर धरलं तर ३५० सीसीला तेवढा फरक पडतो. खरा तोटा होतो तो गाडी जड पडली आणि सहा महिन्यांत विकायला काढली तर. कर, विमा, ॲक्सेसरीज मिळून ४५,००० कुणी परत देत नाही. जुनी ॲव्हेंजर नाही जमली तर पाच-सात हजारांवर भागतं.

१८ महिन्यांनी ६०,००० अडीअडचणीला बाजूला ठेवून १,१४,००० हातात असतील. तेव्हा फक्त क्लासिकच्या मागे लागू नका. रॉयल एनफिल्डचीच मीटिओर ३५० वजनाला जवळपास तेवढीच, १९१ किलो, पण सीट ७६५ मिमी. त्यांच्याच हंटर ३५० ला ७९० मिमी आणि १८१ किलो. तुमच्या उंचीला मीटिओर जास्त समजूतदार वाटते. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दोन्ही चाकांना असलेलंच मॉडेल घ्या, तिथे वाचवू नका. आणि कुणी ‘थोडे टाकून ४०० सीसीची घे’ म्हणालं तर आकडे पुढे ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आहे, त्याहून मोठ्या गाडीला ४०. पाच वर्षांचा थर्ड पार्टीही ७,३६५ वरून १५,११७ वर उडी मारतो.

टेस्ट राइड शोरूमसमोरच्या सरळ रस्त्यावर घेऊ नका. तीन गोष्टी करू देतील तरच घ्या. अरुंद रस्त्यात यू-टर्न. सीटवरून उतरून गाडी दहा पावलं मागे ढकलणं. आणि उतारावर थांबून पुन्हा निघणं. तुमच्या इमारतीच्या पार्किंगला उतार असेल तर तिथे गाडीचं तोंड चढाकडे करूनच लावायची. तोंड उताराकडे असलं तर सकाळी ती मागे ओढून काढावी लागते, आणि १९५ किलो मागे ओढताना पाय घसरला की गाडी आडवी.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, ती आजच बघा. लायसन्सवर गिअरवाली मोटरसायकल आहे की फक्त बिनगिअरची? पाच वर्षं स्कूटर म्हणताय म्हणून शंका आली. फक्त बिनगिअरचं असेल तर ओन डॅमेजचा क्लेम नाकारला जाईल. तिसऱ्या माणसाला इजा झाली तर कंपनी त्याला दिलेले पैसे तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते. नवा वर्ग जोडायला आधी लर्निंग, मग ३० दिवसांनी चाचणी. तोवर भावाची स्प्लेंडरही लर्निंग काढून एल लावल्याशिवाय नको.

बुकिंगचे ५,००० अजून सुटू शकतात. पावतीमागच्या अटी वाचा, शोरूमला लेखी किंवा ईमेलने रद्द करायचं कळवा आणि ते तुमच्या नावाने चेसिस नंबर टाकून टॅक्स इन्व्हॉइस काढण्याआधी कळवा. इन्व्हॉइस निघालं की प्रकरण किचकट होतं. त्यांनी काही रक्कम कापली तर पावती घ्या आणि सोडून द्या.