‘सर वेळच देत नाहीत!’

दादरला समुपदेशनाची प्रॅक्टिस असल्यामुळे माझ्याकडे तरुण संशोधक बरेच येतात. बहुतेकांचं रडगाणं एकच: गाइड लक्ष देत नाहीत, माझं करिअर बसलं. मेधा (नाव बदललं आहे) त्यांतलीच. वय २९. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या प्राथमिक तपासणीत दोष सापडलेल्या गोवंडीच्या बायका पुढे रुग्णालयात का पोचत नाहीत, हा तिचा विषय. तीन वर्षं झाली, पेपर एकही नाही.

“चांगला मेंटॉर मिळायलाच हवा होता. तोच नाही, तर मी काय करणार?”

मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, म्हणजे ‘असं व्हायलाच हवं’ हा मनातला हट्ट शोधून तपासते, त्यामुळे माझे कान आधी ‘च’वर जातात. (घरचे वैतागतात.) चार भेटी आम्ही त्या ‘च’भोवतीच फिरलो. पाचव्या भेटीत सहज विचारलं, “तुझी प्रश्नावली कुणी सुधारली?”

“आरोग्यसेविका ताईंनी. म्हणाल्या, नळाला पाणी येतं तेव्हा जाऊ नका आणि सासूसमोर तर हे विचारूच नका.”

“आकडेमोड?”

“एक सीनियर बघते.”

“आणि सर?”

“निधीचा अर्ज मात्र त्यांनी ओळ न् ओळ तपासला.” ती थांबली. मग हसलीच. “आई दर गुरुवारी दत्ताला जाते. त्याने तरी कुठे एकच गुरू केला? चोवीस केले!”

हे मला सुचलं नव्हतं. सुचलं असतं तर मी बोलून बसले असते आणि त्याचा उपदेश झाला असता. गप्प बसणं मला पन्नाशीत जमायला लागलंय, त्याचं थोडं कौतुक माझं मीच करते.

मग कामाला लागलो. सरांना नुसतं ‘भेटायचंय’ असं कळवायचं नाही. वीस मिनिटं मागायची आणि एकच प्रश्न आदल्या दिवशी लिहून पाठवायचा. पेपरवर कुणाची नावं, कोणत्या क्रमाने, हे लिहायला बसण्याआधी विचारायचं. इथला संकोच फार महागात पडतो. सीनियरकडून तिचे नाकारले गेलेले अर्ज मागायचे; मंजूर झालेल्यांपेक्षा ते जास्त शिकवतात. आणि ताईंचे आभार शेवटच्या पानावर मानून मोकळं व्हायचं नाही, निष्कर्ष आधी त्यांना वाचून दाखवायचे.

पेपरच्या घाईवर तिनेच मला एक गोष्ट सांगितली. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ मध्ये अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड वापरून करायच्या साध्या तपासणीचा अभ्यास सुरू केला. सुमारे दीड लाख बायका त्यात होत्या आणि तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचं जाहीर व्हायला २०१३ उजाडलं. तुझी फेलोशिप तेवढी थांबणार नाही, मी म्हटलं. हातातल्या माहितीतून एक छोटा पेपर आत्ताच वेगळा काढ.

परवा तिचा फोन आला. “विसातली आठ मिनिटं सर दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होते. बारा मिळाली. पेपरचं ठरलं.”

‘बाराच’ नाही म्हणाली. कानांनी टिपलं.