शस्त्रसंधीनंतरचे कलम

नागपूर

चि. विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

शस्त्रसंधी जाहीर होते आणि चार दिवसांत तोफा पुन्हा धडाडतात, मग या विषयावर प्रबंध लिहून काय साधणार, असे विचारून तू विषय बदलण्याची परवानगी मागितलीस. ती मी देणार नाही. करार टिकेल का, हे तू विचारतेस. पण बंदुका थांबलेल्या काळात मूळ राजकीय प्रश्नाचे काय करायचे ठरले आहे, हे आधी विचारायला हवे.

श्रीलंका सरकार आणि एलटीटीई ही सशस्त्र तमिळ संघटना यांचा २२ फेब्रुवारी २००२ चा करार काढून बघ. नॉर्वेने मध्यस्थी केली, नॉर्डिक देशांचे निरीक्षक आले, जाफन्याला जाणारा ए-९ महामार्ग खुला झाला. सैन्याच्या जागा, शस्त्रे, रस्ते यांचा विचार बारकाईने झाला होता. मात्र तमिळ भागाला कोणती स्वायत्तता द्यायची, हे पुढच्या बोलण्यांवर सोपवले गेले आणि एप्रिल २००३ मध्ये एलटीटीईने बोलणीच थांबवली. निरीक्षक उल्लंघनांची नोंद करीत राहिले; ती रोखण्याचे बळ त्यांच्या हाती नव्हते. जानेवारी २००८ मध्ये सरकार करारातून बाहेर पडले, तेव्हा युद्ध केव्हाच सुरू झालेले होते.

आता मिझोराम बघ. १९६६ मध्ये बंड झाले, ऐझॉलवर आपल्याच हवाई दलाने बॉम्ब टाकले, गावेच्या गावे उठवून लष्करी पहाऱ्यातल्या वस्त्यांत नेली गेली. एवढी कटुता असूनही ३० जून १९८६ चा करार टिकला, कारण शस्त्रे खाली ठेवण्याबरोबरच पुढे काय, हेही त्यात होते. राज्याचा दर्जा ठरला, लालथनहवला यांनी मुख्यमंत्रिपद सोडले आणि कालपर्यंत बंडाचे नेतृत्व करणारे लालडेंगा त्या खुर्चीवर बसले. जमिनीची मालकी आणि मिझो रूढी यांना घटनेच्या अनुच्छेद ३७१-जी ने संरक्षण दिले. हा करार अभ्यासक्रमात यावा म्हणून मी वर्षानुवर्षे भांडलो आणि तो आला नाही, याची खंत मला आजही आहे.

कोरियाची शस्त्रसंधी १९५३ पासून शांतता करार नसतानाही टिकून आहे, असे तू म्हणशील. टिकून आहे हे खरे. पण दोन्ही बाजूंना ताटातूट झालेली भावंडे म्हातारी होऊन मेली, त्या टिकण्याला शांतता म्हणायला मी तयार नाही. आपल्या नियंत्रण रेषेवरही नोव्हेंबर २००३ मध्ये गोळीबार थांबला, पुढे तो पुन्हा सुरू झाला, फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्ही सैन्यांनी पुन्हा शब्द दिला आणि एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर तोही मोडला. त्या शांत वर्षांत कुंपणाजवळच्या शेतकऱ्याने पेरणी केली, मुले शाळेत गेली, आणि हे थोडे नाही, बाळ. शस्त्रसंधी निरुपयोगी आहे असे मी कधीच म्हटलेले नाही. मला निराशावादी ठरवणाऱ्यांनी एवढे तरी नीट ऐकायला हवे होते. तिने मिळवून दिलेला वेळ वाया घालवण्याला माझा विरोध आहे, आणि तो मी सोडणार नाही.

म्हणून रोजच्या बातम्यांवरून हताश होणे आधी थांबव. उल्लंघने मोजणारे पुष्कळ आहेत. कैदी, विस्थापितांची घरे, जमीन, निवडणूक, सत्तेतला वाटा यांपैकी कशाची मुदत करारात घातली आहे आणि ती चुकली तर कोणी जाब विचारायचा, हे तू शोध. पहिल्या प्रकरणात श्रीलंका आणि मिझोराम यांचे करार कलमवार समोरासमोर मांड आणि महिनाअखेरीस मसुदा घेऊन ये.

तुझा,
सर