लोकल-मेट्रोचं भाडं वाढलं की सरकार खरंच काही करू शकतं का, की सगळं भाडं ठरवणाऱ्या समितीच्याच हातात असतं?

करू शकतं. मनात आलं तर चार दिवसांत करतं. 2014 च्या जूनमध्ये रेल्वेने 14.2 टक्के भाडेवाढ काढली, त्यात मुंबई लोकलचा महिन्याचा पास 15 ऐवजी 30 फेऱ्यांच्या भाड्यावर धरला, म्हणजे सरळ दुप्पट. मुंबईचे खासदार रेल्वेमंत्री सदानंद गौडांना भेटले आणि पासची दुप्पट वाढ मागे, 80 किलोमीटरपर्यंतचं सेकंड क्लासचं लोकल तिकीटही जुन्याच भावात. ऑक्टोबरमध्ये विधानसभा होती ना.

आमच्या नागपुरात डिसेंबर 2022 ला मेट्रोचे राहिलेले टप्पे सुरू झाले आणि जानेवारीत भाडं वाढलं. माझी मुलगी वासुदेव नगरहून बर्डीला कॉलेजला जायची. आम्ही बिल्डिंगमधल्या बायकांनी निवेदन लिहिलं, सह्या घेतल्या, खालच्या मजल्यावरच्या आजींनी अंगठा दिला, आणि एका लोकप्रतिनिधीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या पीएने पहिलं पानसुद्धा उलटवलं नाही, झेरॉक्सवर पोचेचा शिक्का मारता मारता म्हणाला, भाडं समिती ठरवते ताई, साहेब काय करणार. घरी आली तर आमचे भाऊजीही तेच, "काहून डोकं लावून राहिली, सरकारच्या हातात काही नसतं." दर दिवाळीला हाच वाद होतो.

अहो, 2002 च्या मेट्रो कायद्यात भाडे समितीवर एक न्यायाधीश असतो आणि बाकीचे दोघं, एक केंद्राचा माणूस, एक राज्याचा. मग हातात नाही कसं? बंगळुरूत फेब्रुवारी 2025 ला जास्तीत जास्त तिकीट 60 वरून 90 झालं, लोक भडकले, मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी सांगितलं आणि आठवड्याच्या आत बऱ्याच टप्प्यांचं भाडं उतरलं. 90 मात्र 90 च राहिले, तेही खरं.

आमच्या नागपुरातही भाडेवाढीनंतर फेब्रुवारी 2023 मध्ये विद्यार्थ्यांना 30 टक्के सूट आली, आमच्या निवेदनामुळेच आली असं मी म्हणत नाही, पण आली. नोकरीवाल्या बायकांना काय, त्यांचा पगार वाढला होता का?

आता समितीची शिफारस मेट्रो कंपनीवर बंधनकारक असते आणि कर्जही फेडायचं असतं, म्हणून भाडं कधीच वाढू नये असं माझं म्हणणं नाही. पण वाढलेल्या भाड्याचा फरक सरकारला तिजोरीतून भरता येतो, 2017 ला दिल्लीत केंद्राने केजरीवाल सरकारला हेच सुनावलं होतं. म्हणून निवेदनात नुसतं "भाडं कमी करा" लिहू नका. राज्याचा माणूस समितीत काय बोलला आणि फरक राज्य भरणार का, हे दोन प्रश्न लेखी विचारा, पोच घ्या, आणि कोणी भाऊजी "काही होत नसतं" म्हणाले तर त्यांना 2014 चा जून सांगा.