हापूसचा मोहोर, रात्रीचा गारवा आणि तापलेला अरबी समुद्र

तुम्ही विचारलंय की पृथ्वी याआधीही तापली आणि थंडावली, मग या वेळीच माणसाला दोष का? शिवाय सकाळ-दुपारच्या तापमानात रोजच दहा-बारा अंशांचा फरक पडतो, तिथे सरासरी एक-सव्वा अंशानं असं काय बिघडणार? प्रश्न रास्त आहे. मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि आता रत्नागिरीजवळ हापूसची कलमं सांभाळतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी उत्तर देतो. थोडं लांबेल.

पृथ्वी पूर्वीही तापली होती, हे खरंच आहे. हिमयुगं आली-गेली ती मुख्यतः पृथ्वीची कक्षा आणि अक्षाचा कल बदलत राहतो म्हणून. पण ही चक्रं साधारण २३ हजार, ४१ हजार, एक लाख वर्षांची असतात. गेल्या दीडशे वर्षांतली वाढ त्यात बसत नाही. त्या हिशेबानं आता उलट अगदी सावकाश थंडावा यायला हवा होता. सूर्याची ऊर्जा उपग्रह १९७८पासून मोजताहेत. तिच्यात साधारण अकरा वर्षांचा चढउतार दिसतो, सतत वाढ दिसत नाही. ज्वालामुखींचंही नाव बऱ्याचदा निघतं, पण जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्क्याच्या आसपासही जेमतेम पोहोचतो.

उरतो तो आपणच सोडलेला कार्बन डायऑक्साइड. हा वायू उष्णता अडवतो हे जॉन टिंडल यांनी १८५९ साली प्रयोगशाळेत दाखवलं होतं. तो वाढला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६मध्येच मांडलं. म्हणजे हे कुणी काल-परवा राजकारणासाठी काढलेलं खूळ नव्हे. हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८मध्ये मोजणी सुरू केली तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. आता ४२०च्या वर गेलेत. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासले तर गेल्या आठ लाख वर्षांत, कारखाने सुरू होण्याआधी, हा आकडा ३००च्या फारसा पुढे गेल्याचं दिसत नाही. आणि तो आपलाच कशावरून? कोळसा आणि खनिज तेल मुळात प्राचीन जीवांपासून, वनस्पतींपासून बनलेलं. वनस्पती कार्बनचा हलका प्रकार जास्त शोषून घेतात. हवेतल्या कार्बनमध्ये या हलक्या प्रकाराचं प्रमाण वाढत चाललंय. म्हणजे हवेत मिसळलेला हा कार्बन कुठून आला, त्याची ओळख त्याच्यातच आहे.

माझ्या मते सगळ्यात पटणारा पुरावा मात्र वेगळा आहे. सूर्यामुळे पृथ्वी तापत असती तर वातावरणाचे वरचे आणि खालचे थर दोन्ही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा स्थितांबराचा थर थंड होतोय. उष्णता खालीच अडकली की असं घडतं. त्याच अंगानं आणखी एक गोष्ट दिसते: विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जगाच्या बऱ्याच भागांत रात्री दिवसांपेक्षा जास्त वेगानं तापल्या. (यात धूर, धूळ आणि ढगांचाही हात आहे, म्हणून मी हा पुरावा दुय्यम धरतो.) रात्री सूर्य नसतो, जमीन दिवसाची ऊब आकाशात सोडत असते, आणि नेमकं तेच आता पूर्वीसारखं होत नाही.

हे रात्रीचं प्रकरण आंबा बागायतदाराला शिकवावं लागत नाही. पावसाळा सरला, जमीन सुकली, नोव्हेंबर-डिसेंबरात रात्रीचा गारवा सलग टिकला की जुनी, पक्व झालेली काडी मोहोर टाकते. गारवा तुटक आला तर मोहोर पुढे-मागे येतो. त्यात अवकाळी पाऊस झाला की मोहोराऐवजी पालवीच फुटते. डिसेंबर २०२१च्या पहिल्या दोन दिवसांतला पाऊस कोकणातला कुठलाही बागायतदार विसरलेला नसेल. मोहोर ओला झाला की करपा, भुरी आणि तुडतुडे मागोमाग येतात, मग फवारण्या वाढतात आणि हिशेब कोलमडतो. याचा अर्थ जास्त थंडी चांगलीच असाही नाही. जानेवारी-फेब्रुवारीत थंडी लांबली तर कणी (बारीक फळं) धरलेल्या फांद्यांवर पुन्हा मोहोर येतो आणि आधीची फळं गळतात. झाडाला हवा असतो तो क्रम, आणि आता क्रमच बिघडलाय.

उन्हाचंही तसंच. देशपातळीवर दिवसाच्या तापमानाच्या बाबतीत मार्च २०२२ हा १९०१पासून तोवरचा सर्वांत उष्ण मार्च होता, आणि २०२३चा फेब्रुवारीही तोवरचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी. त्या दिवसांत कातळावरच्या, सड्यावरच्या (उघड्या खडकाळ पठारावरच्या) कलमांची फळं गळतात, भाजतात. जी टिकतात त्यांच्यात साका वाढतो, कारण तापलेल्या जमिनीतून वर येणारी धग हे साक्याचं एक मोठं कारण आहे. आंबा बाहेरून सुरेख दिसतो, कापल्यावर आत पांढरट, आंबट गाभा निघतो, आणि गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दुसरीकडे जातं.

आता तुमच्या एक-सव्वा अंशाकडे येतो. रोजचा चढउतार आणि जगाची सरासरी यांची तुलनाच होत नाही. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, जगाचं सरासरी तापमान आजच्याहून पाच-सहा अंशांच्या आसपासच कमी होतं. तेवढ्यानं कॅनडा जवळजवळ सगळा बर्फाखाली होता, समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता आणि आपला कोकणकिनारा कित्येक मैल पश्चिमेला सरकलेला होता. तेव्हा एक अंश म्हणजे थोडकं काही नव्हे.

शिवाय हवेचं तापमान हा या गोष्टीचा छोटासा भाग आहे. जास्तीच्या उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रानं पोटात घेतली आहे. समुद्राचा वरचा जेमतेम अडीच-तीन मीटरचा थर जेवढी उष्णता धरू शकतो तेवढी सगळ्या वातावरणाला मिळून धरता येते. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२०च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचं पृष्ठभागाचं तापमान सरासरी एक अंशानं वाढलं, जागतिक समुद्राच्या सरासरीपेक्षा जास्त. एवढ्या विस्तीर्ण समुद्राच्या वरच्या पाण्याचा एक अंश म्हणजे किती ऊर्जा, याची कल्पना करा.

आमच्या लहानपणी वादळ म्हटलं की आंध्र, ओडिशा, बंगाल. अरबी समुद्र त्या मानानं शांत, आणि त्याला कारणंही होती: अरबस्तानाकडून येणारी कोरडी हवा आणि पावसाळ्यात सोमालियाच्या किनाऱ्यालगत वर येणारं थंड पाणी. पण २०१९ या एकाच वर्षी अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गेल्या दोन दशकांत इथली वादळं संख्येनं आणि तीव्रतेनं वाढल्याचं दाखवलंय. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगानं धडकलं. १ जूनला ते अजून वादळ नव्हतं, नुसतं कमी दाबाचं तीव्र क्षेत्र होतं. गरम पाण्यावर वादळ असं झपाट्यानं वाढतं तेव्हा तयारीला वेळच मिळत नाही. श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून धरायला कित्येक वर्षं जातात, नारळालाही. भरपाईच्या रकमेत ती वर्षं बसत नाहीत, आणि हे मला आजही लागतं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यालगत वर गेलं आणि काढणीला आलेला आंबा जमिनीवर आला.

पावसाचं गणितही इथूनच निघतं. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणून तोच पाऊस थोड्या तासांत कोसळतो आणि मधले कोरडे खंड लांबतात. २२ जुलै २०२१च्या सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. चिपळूण आणि महाड बुडाले, तळियेत दरड कोसळली. पण प्रत्येक नुकसान तापमानवाढीच्या खात्यावर टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती. डोंगर कापणं, नदीत भराव घालणं, पूररेषेच्या आत बांधकामं करणं हे आपलं इथलंच काम आहे आणि ते आपल्याला थांबवता येतं. आकाशाकडे बोट दाखवलं की या कामांची जबाबदारी कुणावरच राहत नाही.

कोळसा जाळणारे आपण एकटे नाही. भारताचं दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे आणि आजवर साचलेल्या कार्बनमध्ये युरोप-अमेरिकेचा वाटा फार मोठा आहे. न्यायाचा हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पण साचलेला वायू शेकडो वर्षं राहतो, आणि नुकसान आपल्या दारात होतंय.

तुम्ही शेवटी विचारलंय की बागायतदारानं काय करावं. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन करा, त्यानं जमिनीची धग आणि साका दोन्ही कमी होतात. फळ चौदा आणे तयार झालं की काढा, झाडावर पूर्ण पिकवू नका. वाऱ्याच्या बाजूला कुंपणझाडं लावा. आणि कमाल-किमान तापमापक आणि पर्जन्यमापक विकत घेऊन रोजची नोंद वहीत ठेवा. हवामान आधारित फळपीक विम्याचे निकष महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरतात, आणि आमच्याकडे खाडीकाठचं केंद्र आणि सड्यावरची बाग यांत खूप तफावत पडते. केंद्राची जागा बदलून मागायची असेल तर गावातल्या चार-पाच जणांच्या सलग नोंदी सोबत असू द्या. वही कशी आखायची ते हवं असेल तर खाली लिहा, मी नमुना देतो.